तोफेच्या पोटाला हळद

सरोजिनीआत्या मालवणहून आली त्या सकाळी भाचेसून वीणाने तिला सिंगापुरातल्या मरीन परेडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं केलं आणि समुद्र दाखवला. समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दाखवली, खालचं पार्क दाखवलं, नवं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन दाखवलं. आत्याने चष्मा पुसून सगळं नीट पाहिलं, छान आहे म्हणाली आणि भाच्याकडे वळून विचारलं, "ते सगळं ठीक. आजोबांची तोफ कुठाय?"

कमलाकरराव हडकर तेव्हा चहात खारी बुडवत होते. ते उत्तर शोधेपर्यंत खारी कपाच्या तळाशी गेली.

तसा प्रश्न साधा होता आणि वीसेक वर्षं सिंगापुरात काढलेल्या माणसाला त्याचं उत्तर यायला हवं होतं. कमलाकररावांचे पणजोबा, म्हणजे आत्याचे आजोबा विठोजी हडकर, यांनी विक्टोरिया राणीच्या काळात सिंगापूरच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात तोफखान्यात नोकरी केली, असं घरात सांगत आले होते. किल्ल्याचं नावही सांगत: फोर्ट बेलिंबिंग. तो शहराच्या पश्चिम टोकाला अजून उभा होता आणि तिकीट काढून बघता येत होता. कमलाकरराव जहाजावर चीफ इंजिनियर असताना त्याच्यासमोरून कितीतरी वेळा गेले होते. पण घराजवळची गोष्ट माणूस पुढच्या रविवारी बघतो, आणि सिंगापुरातला पुढचा रविवार नेहमी कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला जातो.

"बघू या की आत्या," ते म्हणाले. "दसऱ्यापर्यंत आहेस ना तू? जाऊ एकदा."

"मला बघायला नाही जायचं, कमळ्या," आत्या म्हणाली. "मला कळून घ्यायचंय."

हे कळून घेणं काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नसे. आत्या विशीची असताना मालवणकडच्याच एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. साड्या झाल्या, आचारी सांगून झाला आणि साखरपुड्याच्या तोंडावर मुलाकडून निरोप आला की मुलीचे आजोबा काळ्या पाण्यावर होते असं कळतं, तेव्हा क्षमा असावी. विठोजी सिंगापूरहून परत आले होते हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिथे काय करून आले याचा पुरावा मात्र घरात कसलाच नव्हता, आणि ते स्वतः तोवर वारले होते. आत्याने पुढे लग्न केलं नाही. ती शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, गावातल्या निम्म्या लोकांना तिने इतिहास शिकवला. आपल्या घरच्या इतिहासावर मात्र तिला कुणी प्रश्न विचारू नये म्हणून ती साठ-पासष्ट वर्षं लग्नाकार्यांत मागच्या रांगेत बसत आली.

"तुरुंगात होते असं निघालं तर तसं सांग," ती म्हणाली. "मी काही आता रडणार नाही. पण मरायच्या आधी मला कळलं पाहिजे."

अशा वेळी माणसाने 'बघतो' म्हणावं. कमलाकररावांनी छातीवर हात ठेवून "आठ दिवसांत सिद्ध करतो" असं सांगितलं. निवृत्त माणसाच्या अंगात उगाच जोर असतो.

त्या जोराला पहिली टाचणी लावली ती वरच्या मजल्यावरच्या पांडुरंग पेठ्यांनी. पेठे हे जन्मभर विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करून निवृत्त झालेले गृहस्थ. लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा ते आत किती जाड माणसं आहेत ते आधी बघत. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कोपी म्हणजे तिथली दाट कॉफी पिताना कमलाकररावांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. पेठ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपातला तळ ढवळला आणि म्हणाले, "हडकर, या भानगडीत पडू नका."

"का?"

"मुंबई इलाख्यातून तेव्हा सिंगापूरला कोण येत होतं? कैदी. हे रस्ते, ती देवळं, निम्मं शहर त्यांनी बांधलंय. तुम्ही शोधायला जाल आणि नको ते हाती लागेल."

"कैद्यांचं प्रकरण आमच्या पणजोबांच्या जन्मापूर्वीच बंद झालं होतं," कमलाकरराव तावाने म्हणाले. एवढं त्यांनी रात्रीत वाचलं होतं. "आणि ते ठार बहिरे होते. तोफांच्या आवाजाने कान गेले होते त्यांचे."

"आमचे आजोबाही ठार बहिरे होते," पेठे म्हणाले. "ते सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत होते. आजीच्या आवाजाने गेले."

कमलाकररावांनी कोपी अर्धी टाकली. स्वतःची बदनामी माणूस एक वेळ सोसतो, पण पणजोबांची बदनामी, आणि तीही आपणच पाजलेल्या कोपीवर, सोसणं कठीण असतं.

त्याच दुपारी त्यांनी किल्ल्याच्या कार्यालयाकडे ऑनलाइन चौकशी केली. फॉर्म भरायला सोपा होता, पण तो भरणारा माणूस जिवंत सैनिक आहे अशी त्याची ठाम समजूत होती. सैनिकाचं नाव लिहा. लिहिलं. सैनिकाची जन्मतारीख लिहा. त्यातली वर्षांची यादी एकोणीसशे दहाच्या मागे जायला तयार नव्हती, तेव्हा विठोजींना नाइलाजाने पस्तीसएक वर्षांनी तरुण करावं लागलं. सैनिकाचा मोबाइल नंबर लिहा. ती चौकट रिकामी ठेवली की फॉर्म लाल होई. शेवटी कमलाकररावांनी स्वतःचा नंबर दिला आणि बटण दाबलं.

तेव्हापासून त्यांच्या फोनवर विठोजी हडकरांना निरोप येऊ लागले. 'प्रिय मिस्टर विठोजी, आपली विनंती मिळाली.' 'प्रिय मिस्टर विठोजी, आपली भेट मंगळवारी ठरली आहे. येताना फोटो असलेले ओळखपत्र आणावे.' 'प्रिय मिस्टर विठोजी, आपण व्हीलचेअर वापरता का?' मुलगी निहारिका हे वाचून सोफ्यावर आडवी झाली. "पा, ही इज मोअर अॅक्टिव्ह दॅन यू लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. आत्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिने प्रत्येक निरोप मोठ्याने वाचून घेतला. आपल्या आजोबांना कुणी मिस्टर म्हटलेलं तिने आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं.

मंगळवारी मिस्टर विठोजींच्या वतीने कमलाकरराव गेले. किल्ल्याचे अधिकारी मिस्टर ओंग हे पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, अतिशय सभ्य गृहस्थ होते. सभ्य माणसाचा नकार सर्वांत वाईट असतो, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. त्यांनी कमलाकररावांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि सांगितलं की गोऱ्या तोफचींची नावं सगळी आहेत. कुणाला मलेरिया झाला, कुणी कॅन्टीनमध्ये मारामारी केली, सगळं आहे. तोफा पुसणारे, तेल घालणारे, गोळे वाहणारे हिंदी लोकही होते. त्यांना इंग्रज लस्कर म्हणत.

"त्यांची नावं?"

"नो नेम, सर," मिस्टर ओंग म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "त्या काळी ठेवतच नसत. फक्त आकडा. आज इतके हजर, आज इतके आजारी."

"मग माझे पणजोबा त्यात होते हे कसं सिद्ध करायचं?"

"कॅनॉट, सर. नव्हते हेसुद्धा कॅनॉट."

कमलाकरराव घरी येईपर्यंत हे वाक्य चघळत राहिले. आत्याला ते कसं सांगावं याच्या त्यांनी बसमध्ये तीन-चार तऱ्हा तयार केल्या. प्रत्यक्षात दार उघडताच आत्याने त्यांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता आत जाऊन पडली. जेवायलाही उठली नाही. वीणाने नवऱ्याकडे असं बघितलं की जणू नावं लिहून न ठेवण्याचा गाढवपणा ब्रिटिश सरकारने नव्हे, त्यांनीच केला होता.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. 'प्रिय मिस्टर विठोजी, आपली भेट कशी वाटली? कृपया तारे द्या.' कमलाकररावांनी एक तारा दिला.

दसरा आला. आत्या सकाळी अंघोळ करून, नऊवारी नव्हे पण ठेवणीतली इरकली नेसून, पर्स घेऊन दारात उभी राहिली. "पुरावा नसला तर नसला," ती म्हणाली. "तोफ तर आहे ना? मला ने." वीणाने लिटल इंडियातून झेंडू आणले होते. त्यातली थोडी फुलं कुणाला न सांगता आत्याच्या पर्समध्ये गेली. पर्समध्ये हळदकुंकवाचा करंडाही होता, पण तो तर आत्याच्या पर्समध्ये विमानातही होता.

किल्ला छोटासाच होता. टेकडीवर झाडी, झाडीत वीटकामाचे बोगदे, आणि टोकाला समुद्राकडे तोंड करून लोखंडी गाड्यावर एकच मोठी, राखाडी रंगाची तोफ. आत्या तिच्यासमोर उभी राहिली. मग तिने पर्स उघडली.

"कमळ्या, शस्त्र आहे. दसरा आहे. हळदकुंकू लाव."

"आत्या, इथे हात लावायला बंदी आहे. ती पाटी बघ."

"पाटी मला वाचता येते. लाव."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दसऱ्याला हत्यारं-अवजारं सगळेच पुजतात. पण हडकरांच्यात ती उलट्या बाजूने पुजतात. विळीला, हातोडीला, शिवणयंत्राला, सगळ्यांना हळदकुंकू लागतं ते खालून, पोटाला. वीणाने लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला शिवणयंत्राच्या चाकाला कुंकू लावलं, तेव्हा सासूबाईंनी ते पुसून यंत्र आडवं केलं होतं आणि तळाला लावलं होतं. का, म्हणून विचारलं तर "आपल्यात तसंच" एवढंच उत्तर मिळालं. कमलाकररावांनी तर जहाजांवर तीस वर्षं मेन इंजिनखाली उताणं सरपटत जाऊन बोटं ओढली होती. त्यांच्याबरोबरचे फिलिपिनो खलाशी दसऱ्याच्या दिवशी त्यांच्यासाठी पुठ्ठा अंथरून ठेवत. हिंदू धर्म खालूनच चालतो अशी त्यांची समजूत झाली होती.

तेव्हा कमलाकररावांनी वाद घातला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, करंडा खिशात घातला आणि दोराखालून पलीकडे जाऊन तोफेच्या गाड्याखाली उताणे शिरले. शिरताना काही त्रास झाला नाही. आत जागा अरुंद होती, पण वर तोफेचं पोट अगदी हाताशी होतं. त्यांनी एका हाताने करंडा उघडला आणि पाची बोटं हळदीत बुडवून ओढली. मग कुंकवात बुडवून ओढली. डोळे मिटून पणजोबांना नमस्कार केला. तो मनापासून होता. खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं, आणि तिथे कुणी बघत नव्हतं म्हणून ते थोडं रडलेही.

मग ते बाहेर निघू लागले, आणि निघेनात.

शेवटचं इंजिनखाली शिरले होते तेव्हाचे कमलाकरराव आणि निवृत्तीनंतरचे कमलाकरराव यांच्यात वीणाच्या हातच्या बऱ्याच घावनांचा फरक पडला होता. श्वास आत घेऊन शिरलेलं पोट नमस्कार करताना सैल सुटलं आणि पट्ट्याचं बक्कल वर कुठेतरी अडकलं. त्यांनी जोर लावला. काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. त्यांनी आणखी जोर लावला. आणखी खरवडलं.

"काय झालं रे?" बाहेरून आत्या.

"काही नाही," आतून कमलाकरराव. "जरा पाय ओढ."

नेमकी त्याच वेळी सहल घेऊन येणारी गाइड बाई वळणावरून अवतरली. मागे वीसएक ऑस्ट्रेलियन पर्यटक होते. त्यांनी पाहिलं ते असं: राणीच्या काळातली तोफ, तिच्या तोंडाशी झेंडूची फुलं, खालून बाहेर आलेले काळे मोजे घातलेले दोन पाय, आणि ते पाय धरून ओढणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या, इरकली नेसलेल्या बाई. गाइड बाईंनी प्रसंगावधान राखून सांगितलं की हा प्रदर्शनाचा भाग नाही. तरीही सर्वांनी फोटो काढले.

दोन रखवालदारांनी त्यांना बाहेर काढलं. कमलाकररावांच्या शर्टाची बटणं गेली, तोंडाला हळद लागली होती, आणि मिस्टर ओंग दोरापलीकडे उभे राहून पूर्वीच्याच सभ्यपणे ओळखपत्र मागत होते, "सर, प्लीज. युअर आयसी."

ते फ्लॅटवर परतले तेव्हा बातमी त्यांच्याआधी पोचली होती. कुणा ऑस्ट्रेलियनाने फोटो टाकला होता. निहारिकाचा ऑफिसमधून फोन आला. "पा, यू गॉट अरेस्टेड बाय अ कॅनन?" अटक झाली नाही, फक्त नाव घेतलं, असं तिला समजावून सांगताना कमलाकररावांचा आवाज चिरकला. तेवढ्यात पेठे खाली आले. येताना त्यांनी कायदा छापून आणला होता.

"ऐतिहासिक वस्तूला इजा," ते म्हणाले. "सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण. यात दंड आहे, तुरुंग आहे आणि फटके आहेत."

वीणाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"फटक्यांची काळजी नको, वहिनी," पेठे धीर देत म्हणाले. "त्याला वयाची अट आहे. पन्नाशीच्या पुढे मारत नाहीत. हडकर केव्हाच बाद झालेत."

आपल्याला फटके बसणार नाहीत याचा आनंद मानावा की त्यासाठीही आपण निकामी ठरलो याचं वाईट वाटून घ्यावं, हे कमलाकररावांना ठरवता येईना. पेठ्यांनी मग बचावाचे मार्ग सुचवले. चक्कर येऊन तोफेखाली पडलो असं सांगावं. किंवा चष्मा घरंगळला होता. किंवा सगळं आत्याबाईंवर ढकलावं, त्या टुरिस्ट आहेत, फार तर परत पाठवतील.

"ढकला माझ्यावर," आत्या म्हणाली. "मीच सांगितलं होतं." पण रात्री ती कमलाकररावांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आजोबांच्या नावाला लागला तो डाग काय कमी होता, म्हणून तुझ्याही नावाला लावला मी. माझं चुकलं रे." त्यांनी आत्याला आयुष्यात असं बोलताना ऐकलं नव्हतं. तुरुंग परवडला, असं त्यांना वाटलं.

तीन-चार दिवसांनी बोलावणं आलं. मिस्टर विठोजींना नव्हे, या वेळी कमलाकर हडकर यांना, आणि शक्य झाल्यास सोबतच्या वृद्ध बाईंनाही. पेठे कायदेशीर सल्लागार म्हणून आपणहून निघाले. वीणा माफी मागण्यात पटाईत म्हणून निघाली. आत्याने डब्यात रव्याचे लाडू घेतले होते. "पोलीस असले तर त्यांनाही द्यावेत," ती म्हणाली.

पोलीस नव्हते. तोफेपाशी मिस्टर ओंग होते आणि पांढरा कोट घातलेली, गुडघ्यांवर बसलेली एक बाई होती. जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणारी हुई लिंग. तिने तोफेखाली एक चटई अंथरली होती. कमलाकररावांना पाहून ती उठली आणि आधी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या पट्ट्याच्या बकलाकडे बघू लागली.

"हेच का ते बक्कल?"

"मी खर्च देईन," कमलाकरराव म्हणाले. वीणाने तयार करून दिलेलं माफीचं भाषण त्यांच्या जिभेवर होतं. "मला मनापासून..."

"सर, खाली या," ती म्हणाली. "मला काहीतरी दाखवायचंय."

पुन्हा तोफेखाली जायची कल्पना त्यांना रुचली नाही. पण तिने या वेळी बाजूने, चटईवर कडेला झोपायला सांगितलं, आणि स्वतः बारीक असल्यामुळे पलीकडून शिरली. तिच्या हातात जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा होता. हळद पूर्ण निघाली का हे बघायला तो वापरतात, कारण त्या उजेडात हळद चमकते, असं तिने सांगितलं. तिने दिवा लावला. तोफेच्या पोटाला कमलाकररावांची पाच बोटं पिवळीजर्द उजळली.

"ही तुमची. आता इथे बघा."

बकलाने जिथे रंग खरवडला होता तिथे तिने दिवा नेला. राखाडी रंगाचा टवका उडाला होता आणि त्याच्या कडेला आतले थर दिसत होते, एकावर एक, अळुवडी कापल्यावर दिसतात तसे. राखाडी, मग केसाएवढी पिवळी रेघ. राखाडी, पुन्हा पिवळी रेघ. पुन्हा राखाडी. आणि प्रत्येक पिवळी रेघ चमकत होती.

"लष्कर दर वर्षी तोफेला रंग देत असे," हुई लिंग म्हणाली. "जुना न खरवडता, त्यावरच. हे अगदी तळचे थर आहेत, किल्ला नवा असतानाचे. वर्षाला एक रंग आणि मधे हळद. उजेड लागला नाही म्हणून टिकली. लष्कराच्या कुठल्याही रंगात हळद नसते, सर. मी खात्री करून घेतलीय. कुणीतरी दर वर्षी इथे झोपून हळद लावत होतं."

जहाजावरही कुणी जुना रंग खरवडत नाही, त्यावरच मारतात, हे कमलाकररावांना जन्मभर ठाऊक होतं आणि खलाशांना त्यावरून त्यांनी शिव्याही घातल्या होत्या. ते त्या रेघांकडे बघत राहिले. बाहेर येऊन त्यांनी ते सगळं आत्याला मराठीत सांगितलं, आणि सांगताना दोनदा थांबले.

पेठ्यांनी घसा साफ केला. त्यांच्या स्वभावाला इलाज नव्हता. "रागावू नका," ते म्हणाले, "पण आयुधपूजा तामिळ लोकही करतात. तेही हळदकुंकू लावतात. तुमचेच आजोबा कशावरून?"

आत्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला की ती असंच बघत असणार. "पेठे," ती म्हणाली, "विचारा त्या मुलीला, तोफेला आणखी कुठे सापडली का हळद? तोंडाला, बाजूला, चाकांना?"

कमलाकररावांनी विचारलं. नव्हती. हुई लिंगने तोफेला ठिकठिकाणी रंगाचे बारीक टवके काढून आतले थर दिव्याखाली तपासले होते. फक्त पोटाला, आणि तीही ओरखड्यात शेजारी शेजारी बोटाएवढ्या पाच पट्ट्यांनी.

"सगळं जग देवाला दिसेल अशी पूजा करतं," आत्या म्हणाली. "पोटाला लावणारं एकच घर मला माहीत आहे. त्या घरात मी जन्मले."

वीणा एकदम म्हणाली, "पण पोटाला का? इतकी वर्षं मी विचारतेय."

हा प्रश्न कमलाकररावांनी इंग्रजीत मिस्टर ओंगना विचारला, उत्तराची अपेक्षा न करता. पहिल्यांदाच मिस्टर ओंग यांचा सभ्यपणा थोडा ढिला झाला. "सर, रोज सकाळी इन्स्पेक्शन," ते म्हणाले. "तोफेवर नखाएवढा डाग चालत नसे. पिवळं काही दिसलं तर तो लस्कर शुअर केना, म्हणजे अडकलाच. पगार कट, नाहीतर कोठडी. मी त्याच्या जागी असतो तर मीपण जिथे सार्जंट वाकत नाही तिथेच लावलं असतं."

कमलाकररावांनी ते मराठीत सांगितलं. सिंगापुरात लपून लावायची सवय लागलेला माणूस घरी परत आला होता. घरी लपवायचं कारण नव्हतं, पण हात तसाच वळत राहिला, आणि मुलांनी बघितलं, सुनांनी बघितलं, आणि आपल्यात तसंच असतं म्हणून चार पिढ्या विळ्या-हातोड्या उलट्या करत राहिल्या. आत्या आता रडत होती, नाही रडणार म्हणाली होती तरी. पेठ्यांनी खिशातला रुमाल काढला, तो स्वच्छ आहे ना ते बघितलं आणि तिला दिला. "मी माझे शब्द मागे घेतो, आत्याबाई," ते म्हणाले. पेठ्यांच्या तोंडून असं वाक्य मरीन परेडमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

मग सगळ्यांनी लाडू खाल्ले. हुई लिंगने दोन खाल्ले आणि तिसरा कोटाच्या खिशात ठेवला. मिस्टर ओंगनी जाहीर केलं की तक्रार मागे घेण्यात आली आहे. बकलाच्या ओरखड्याची नोंद ‘उपयुक्त नुकसान’ अशी करता येईल का, ते वरच्यांना विचारतील. मिस्टर हडकरांनी मात्र कृपया पुन्हा तोफेखाली शिरू नये.

"आणि पाटी?" आत्या म्हणाली. "पाटीवर काय लिहिणार?"

मिस्टर ओंग म्हणाले की कमिटी बसेल, पण बहुधा असं लिहितील, की एका हिंदी लस्कराने ही तोफ दर वर्षी पुजली.

"एका नव्हे," आत्या म्हणाली. "विठोजी हडकर. नाव आहे त्यांना. लिहून घ्या."

मिस्टर ओंगनी खिशातून पेन काढलं आणि तिने एकेक अक्षर सांगितलं तसं तळहातावर लिहून घेतलं. मग ते जरा घुटमळले. किल्ल्याची इच्छा आहे, ते म्हणाले, की पुढच्या दसऱ्याला हडकर कुटुंबाने इथे येऊन ही पूजा लोकांसमोर करावी. परवाना ते देतील. हळद थेट धातूवर नको, वर एक पातळ पारदर्शक कागद चिकटवतील, त्यावर. फक्त ती तोफेच्या नेमक्या कुठल्या भागाला लावणार ते आधी कळवावं लागेल. नेहमीप्रमाणे खालीच ना?

कमलाकररावांनी भाषांतर केलं. आत्या उठली. तोफेला वळसा घालून समुद्राच्या बाजूला गेली, जिथून येणाराजाणारा प्रत्येक पर्यटक तोफ बघतो तिथे उभी राहिली आणि तोफेच्या तोंडाच्या बरोबर वर, मधोमध, बोट दाखवलं.

"इथे लावणार म्हणून सांग त्यांना," ती म्हणाली. "आणि पाची बोटांनी."